भ्यायला ठेवलेला माणूस

पुण्याच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीत कोणी काडी ओढली की माझी मान अजून आपोआप तिकडे वळते, आणि मी नाकाने वास घेतो. इथे खोबरेल तेलाचा आणि ओल्या धोतरांचा वास येतो, दुसरा कसला नाही. मित्र हसतात. ही खोड मुळात माझी नाही, याकोबमामांची आहे. मॅट्रिकची वर्षं मी नगरला त्यांच्या शेजारच्या खोलीत काढली, तेव्हा ती मला लागली.

याकोबमामा पेट्रोलच्या लॉरीवर ड्रायव्हर होते. नगर स्टेशनाजवळच्या डेपोत लॉरीवर पिंपं चढवायची आणि शेवगाव, सोनई, जामखेड अशा गावांच्या पंपांवर नेऊन जमिनीतल्या टाकीत रिकामी करायची, हे त्यांचं काम. आमच्याकडे पेट्रोलची लॉरी चालवणारा म्हणजे मोठा छातीचा माणूस, असा समज होता. रस्त्यावरची पोरं त्यांच्या लॉरीला वाट देत आणि ती गेल्यावर गाडीतली वीज जमिनीत उतरावी म्हणून मागे लोंबणाऱ्या, जमिनीला घासत जाणाऱ्या साखळीमागे धावत. प्रत्यक्षात मामांइतका भित्रा माणूस सबंध जिल्ह्यात दुसरा नसेल. उंच, सडपातळ, थोडे पुढे वाकलेले. चालताना कुठेतरी काही तडतडतंय का ते ऐकत असल्यासारखे चालायचे. मिशा चांगल्या भरघोस होत्या, पण मिशांना तेल लावत नसत. तेल जळतं म्हणून.

त्यांची माझी ओळख झाली ती काडीवरूनच. शेवगावजवळच्या आमच्या गावाहून मी नुकताच आलो होतो. आमच्या घरात चौथीपुढे शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच, त्यामुळे सगळ्याच गोष्टींची धास्ती होती. दिवेलागणीला कंदील लावावा म्हणून मी काडी काढली, तोच अंगणाच्या पार टोकाकडून आरोळी आली.

"ए! कोन हाय त्यो? काडी खाली ठिव!"

मी काडी खाली ठेवली. अंगणाच्या कोपऱ्यात एक उंच माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. जणू मी त्याच्यावर बंदूक रोखली होती.

"आधी मला आंगूळ करू दे," तो माणूस म्हणाला. "कपड्यांत पेट्रूल मुरलंय. मग लाव काय लावायचं ते."

मी काळोखात आगपेटी धरून उभा राहिलो. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, "लाव रं बाळा दिवा. ह्यांच्या आंगुळीची वाट बघत बसलास तर मॅट्रिक आंधारातच हुशील."

या मार्थामामी. पण मी दिवा लावला नाही, थांबलो. मला वाटतं, एवढ्यावरच मामांना मी आवडलो असावा. दुसऱ्या दिवसापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले. मी अजून मॅट्रिकही झालेलो नाही असं सांगितलं की म्हणत, "व्हशील की. आधी हाक मारून ठिवलेली बरी."

मामांचे कामाचे कपडे घरात कधी आले नाहीत. अंगणातल्या लिंबाच्या फांदीवर ते लटकत असत. मामींची चूल आणि मामांचा सदरा यांची आयुष्यात भेट झाली नसेल. आठवडाभर तंबाखूचं नाव न काढणारे मामा रविवारी चर्चमधून आल्यावर धुतलेले कपडे घालून मागच्या मोकळ्या माळावर जायचे, एका दगडावर बसून एक बिडी ओढायचे. अर्धी झाली की तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे, मग खड्डा करून तिला पुरायचे. ते परत आले की मामी दारातून विचारत, "दिली का बिडीला माती? सुतक धरायचं का आमी?"

मामा नुसते हात धूत.

एकदा मी भीत भीत विचारलं, "मामा, तुम्हाला कधी अपघात झाला होता का?"

"मला? न्हाई बा. एक ठिनगी बघितली न्हाई आजवर."

"मग एवढं भिता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा पोरगा पास होईल की नाही याची त्यांना शंका आली असावी. "मास्तर, गाडी हाकायला कुनीबी मिळतंय. मला भ्यायला ठिवलाय. समद्यांच्या वाटचं मी एकटा भितो, म्हंजी बाकीचे मोकळे. रस्त्यानं मानसं बिनघोर जात्यात, ती कशाच्या जिवावर?"

"तुमच्या भ्याच्या जिवावर!" मामी आतून म्हणाल्या. "सरकारनं बिल्ला द्यायला पायजे तुमाला."

त्यांची भीती फार शहाणी होती असं मला म्हणता येणार नाही. काही गोष्टी त्यांनी मनानेच ठरवल्या होत्या. लॉरीजवळ भांडण करायचं नाही. माणूस तापला की वाईट. हे ते अलंकाराने म्हणत नसत, खरंच मानत. एकदा सोनईच्या पंपावर एक हमाल तापाने फणफणलेला होता. मामांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अंगात एवढी धग घिऊन पिंपाजवळ येतोस? लांब हो." तो हमाल पुढे साऱ्यांना सांगत असे, की आजाराची रजा न मागता देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नाताळात चर्चमध्ये मुलं हातात मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत. मी एका वर्षी मामींच्या आग्रहावरून गेलो होतो. मामा दाराशी वाळूची बादली घेऊन उभे. एखाद्या पोरीची मेणबत्ती तिच्या वेणीकडे कलली की बादलीसकट एक पाऊल पुढे. पाळकसाहेब शेवटी म्हणाले, "याकोब, तारणारा जन्मला आहे, आग लागलेली नाही. बस आता." सगळे हसले. मामा बसले; बादली मांडीवर घेऊन बसले.

सुटीत गावी जायचं तर मी त्यांच्या लॉरीवर जायचो. मालकाची परवानगी होती, पण मामांची मिळवणं अवघड. चढण्याआधी खिसे उलटे करून दाखवायचे. चपलेला खिळे असतील तर चपला काढायच्या; लोखंडाचा खिळा दगडावर आपटला तर काय होतं, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. पिंपाचं बूच ते ठिणगी न पाडणाऱ्या पितळी पान्याने उघडत, लोखंडी हत्यार जवळ येऊ देत नसत. पिंप खाली घेताना आधी ओली पोती अंथरायची, वाळू हाताशी ठेवायची, बघ्यांना झाडाखाली पिटाळायचं. रिकामं पिंप तर भरल्यापेक्षा वाईट, असं ते म्हणत. "भरल्यालं पिंप गप बसतंय. रिकाम्यात नुसती वाफ. बिनकामाच्या मानसावानी, कवा भडकंल सांगता यायचं न्हाई."

एकदा वाटेत एक म्हातारा शेतकरी हात करून उभा राहिला. मामांनी नेहमीचं विचारलं, "बाबा, आगपेटी हाय का?"

"न्हाई."

"बिडी?"

"न्हाई. वडत न्हाई."

म्हातारा चढला. थोडं पुढे गेल्यावर त्याने कमरेची पिशवी सोडली, कापूस काढला, गारगोटी काढली, पोलादाचा तुकडा काढला आणि चिलमीसाठी चकमक झाडायच्या बेताने हात उचलला. मी ओरडलो. लॉरी थांबली ती अशी, की पुढच्या बैलगाडीचे बैलही थांबले.

"बाबा! आगपेटी न्हाई म्हनलास न्हवं?"

"न्हाईच की," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तू चकमकीचं कुटं इचारलंस?"

मामा खाली उतरले. पण म्हाताऱ्यावर ते ओरडले नाहीत. लॉरीजवळ भांडायचं नाही, हा नियम होता. त्यांनी त्याचा हात धरून त्याला बांधापर्यंत नेलं, तिथे बसवून चिलीम ओढू दिली, राख विझवून घेतली आणि मग परत आणलं. तोवर आम्ही उन्हात. त्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढला.

ज्या दसऱ्याला हे सगळं त्यांच्या अंगाशी आलं, त्या दिवशी मी लॉरीवर होतो.

शेवगावात धोंडूशेठ नावाच्या व्यापाऱ्याने नगर रस्त्याला नवा पंप घातला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिलं पिंप टाकीत ओतायचं ठरलं होतं. पाहुणे म्हणून मामलेदारांना बोलावलं होतं. आम्ही लांबून पाहिलं, तर पंपाला झेंडूची तोरणं, बांबूला टांगलेली फटाक्यांची माळ, टाकीच्या तोंडाशी तबकं घेऊन उभ्या असलेल्या बायका, तबकांत निरांजनं आणि कापूर. बाजूला हलगीवाले हलगी शेकायला काट्याकुट्यांचा जाळ करून बसले होते.

मामांनी लॉरी लांबच उभी केली. खाली उतरले आणि लॉरी सुरू करायचं हँडल काढून काखेत धरलं. ते हँडल नसलं की लॉरी जागची हलत नाही.

"शेठ," ते जवळ जाऊन म्हणाले, "आधी हे समदं इझवा."

"इझवा?" धोंडूशेठ म्हणाले. "आरं, सनाचा दिस हाय. गाडीला ववाळायचं, टाकीला ववाळायचं, मग वतायचं. आन गाडी हिकडं."

"ववाळा, शेठ. पन जाळ लांब. पिंपाचं तोंड उघडलं की वाफ भुईवरनं सरपटत जाती. त्या हलगीच्या जाळापत्तुर जाईल."

"मुहूर्त टळतोय!"

तेव्हा शेठच्या मागून कोणीतरी म्हणालं, "किरिस्ताव हाय त्यो. आपल्या आरतीचा इटाळ व्हतोय त्याला."

मामांनी एकदा मागे लॉरीकडे पाहिलं. मला वाटलं आता ते परत फिरतील.

"तसं न्हाई," ते हळू म्हणाले. "आमच्या चर्चातबी मी बादली घिऊनच हुबा ऱ्हातो. इचारा ह्या मास्तरला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुष्कळदा हलवली.

"हे बघ ड्रायव्हर," धोंडूशेठ म्हणाले, "गाडी आनतूस का न्हाई? न्हाईतर तुझ्या मालकाला असं कळवीन, की ही लॉरी पुन्यांदा तुझ्या हातात दिसायची न्हाई."

मामांनी हँडल आणखी घट्ट धरलं.

बायकांत सगळ्यांत पुढे धोंडूशेठच्या आई होत्या. सारं गाव त्यांना थोरली आई म्हणे. ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या, जरीकाठी लुगडं नेसलेल्या. त्या तबक घेऊन पुढे आल्या. "का रं बाबा? दिवा का नको तुला?"

"आई, भ्या वाटतं."

लोक खो खो हसले. पेट्रोलच्या लॉरीचा ड्रायव्हर दिव्याला भितो! थोरली आई मात्र हसल्या नाहीत. "कशाचं?"

"तुमच्या पदराचं. तबकात जाळ, वर पदर, खाली पेट्रूल. गाडी जळली तर मालक दुसरी घील. मला भ्यायलाच ठिवलाय, आई. मी न्हाई भ्यालो तर कोन भील?"

थोरल्या आईंनी एकदा पदराकडे पाहिलं, एकदा निरांजनाकडे. मग मागच्या सुनेला म्हणाल्या, "जा गं, ही निरांजनं मारुतीम्होरं नेऊन ठिव. समद्या जनी. आन ए हलगीवाल्यांनो, त्यो जाळ इझवा."

"आई, दिव्याबिगर ववाळनी कशी?" धोंडूशेठ म्हणाले.

"ववाळताना आधी काय फिरवतो आपन? अंगठी आन सुपारी. तीच फिरवते. दिवा मारुतीम्होरं जळतोय की. देवाला काय लांबचं दिसत न्हाई व्हय?"

त्यांनी लॉरीला हळदकुंकू लावलं, अंगठी-सुपारीने ओवाळलं, अक्षता टाकल्या. मामा टोपी काढून बाजूला उभे होते. सगळ्यांना लिंबाच्या झाडाखाली पाठवून, सगळ्यांचे खिसे तपासून, चकमकीचंही विचारून मग पहिलं पिंप उघडलं. तोवर मुहूर्त टळला होता आणि मामलेदारसाहेब दुसऱ्या गावच्या कार्यक्रमाला निघून गेले होते. धोंडूशेठना ते लागलं. त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं.

मामांना नगरला मालकाने पेट्रोलच्या लॉरीवरून काढून गुळाच्या लॉरीवर घातलं.

पगार तोच होता. मामींना वाटलं, बरं झालं, जिवाचा घोर गेला. आता मामा कामाच्या कपड्यांत सरळ चुलीपाशी येऊन बसू शकत होते. ते बसतही. पण हातांचं काय करावं हे त्यांना समजत नसे. सदऱ्यावर माश्या बसत. "गुळाला कसं भ्यायचं, मास्तर?" त्यांनी एकदा मला विचारलं. मामी म्हणाल्या, "मुंगळ्यांना भ्या." मामा हसले नाहीत. त्या रविवारी ते माळावर गेले, बिडी हातात घेऊन बसले आणि न ओढताच परत आले. तेव्हा मामींनी थट्टा बंद केली.

पेट्रोलच्या लॉरीवर शंकर नावाचा ड्रायव्हर आला. तरणाबांड, गाणी म्हणणारा, कानावर सिगारेट. पिंपं भराभर रिकामी करायचा. पंपवाले खूश होते. मी गावाहून आलो की मामा विचारत, "काय रं, शेवगावात काय जळलं न्हाई न्हवं?"

"नाही मामा."

"बरं झालं," ते म्हणत. खरोखर मनापासून म्हणत. आणि मग गुळाने चिकटलेले हात पुन्हा पुन्हा धूत. काही जळलं असतं तर ते खरे ठरले असते. पण तसं व्हावं असं त्यांच्या मनात एकदाही आलं नसेल, हे मी शपथेवर सांगेन. काही जळत नाही, म्हणजे आपली गरज नव्हती, एवढंच त्यांना खात असावं.

पुढचं मी स्वतः पाहिलं नाही. वडील बाजाराला शेवगावला गेले होते, त्यांनी सांगितलं. शंकर सिगारेट ओढत पंपावर आला आणि ती ओठांत तशीच ठेवून पिंपाच्या बुचाला हात घालायला निघाला. थोरली आई तिथे उन्हाला बसल्या होत्या. त्या उठल्या आणि टाकीच्या झाकणावर जाऊन मांडी घालून बसल्या.

"आजी, उठा."

"आधी ती इझव."

"आजी, इतक्यांदा वतलं मी. कवा काय झालं का?"

"झालं असतं तर इचारायला मी ऱ्हायले असते व्हय?"

धोंडूशेठ आले, त्यांनी विनवण्या केल्या. लढाईमुळे पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे, आणि कुपनं घेऊन माणसं रांगेत ताटकळत होती. आईंनी तपकिरीची डबी मागवली. "भ्यायला एक मानूस ठिवला हुता न्हवं? त्यो कुटं गेला? त्यो आना. तवर मी बसते. त्याच्या वाटचं मला भ्यावं लागतंय, ह्या वयात."

शंकरला राग आला. सगळ्या बाजारासमोर एका म्हातारीने अडवलं म्हणून तो भरलेली पिंपं तशीच घेऊन नगरला परत गेला आणि मालकाला म्हणाला, शेवगावला मी जाणार नाही.

चार-पाच दिवसांनी धोंडूशेठ स्वतः आमच्या अंगणात उभे. मी ओट्यावर अभ्यास करत होतो. मामा गुळाच्या लॉरीवरून नुकतेच आले होते. शेठच्या हातात पेटती बिडी होती. मामांनी ना नमस्कार केला ना या म्हटलं. नुसते त्या बिडीकडे बघत राहिले. शेठनी बिडी टाकली, वहाणेने चिरडली. मामांनी जाऊन तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"मालकाशी बोलून आलोय," शेठ म्हणाले. "उद्यापास्नं चल बाबा. आई रोज सकाळी जाऊन झाकनावर बसतीया. घरात स्वैपाकाचं कुनी बघंना."

मामांनी रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "झाकन उन्हानं तापतंय. त्यांना पोतं द्या बसायला. वलं."

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच म्हणाल्या, "न्या, न्या ह्यांना. गुळाच्या माश्यांनी जीव नको झालाय मला."

त्यानंतर मामा पुन्हा पहिल्यासारखे झाले, म्हणजे पहिल्यासारखे घाबरू लागले. मी मॅट्रिक पास झालो. पुण्याला कॉलेजात नाव घालायचं ठरलं. निघण्याआधी नगरला त्यांचा निरोप घ्यायला गेलो, तर ते जामखेडला गेलेले. मामींनी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. मामांची भेट काही झाली नाही.

मग एका सकाळी शेवगावहून नगरच्या सर्व्हिस मोटारीत बसलो. पेट्रोलच्या टंचाईमुळे त्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक उंच भट्टी बसवलेली असे, त्यात कोळसे धुमसत. आमची मोटार कुरकुरत नगर रस्त्याला लागली. धोंडूशेठच्या पंपावर मामांची लॉरी उभी होती. लिंबाखाली सगळी माणसं शाळेतल्या पोरांसारखी ओळीने बसली होती. खुद्द धोंडूशेठ अनवाणी. टाकीच्या तोंडाशी एकटे मामा, हातात नरसाळं. मला फार आनंद झाला. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हाक मारली, "मामा!"

एका बाईने हात केला म्हणून नेमकी तिथेच आमच्या ड्रायव्हरने मोटार सावकाश केली.

मामांनी मान वर केली. त्यांनी मला पाहिलं असावं. मला नक्की सांगता येत नाही. कारण त्याच क्षणी त्यांना भट्टी दिसली. त्यांनी टाकीवर झाकण लोटलं आणि ते धावत सुटले, दोन्ही हात हलवत, अनवाणी, सरळ आमच्या अंगावर.

"पुढं घ्या! हितं न्हाई! पुढं घ्या!"

ड्रायव्हर घाबरला. हात केलेल्या बाईला तिथेच सोडून त्याने मोटार जोरात पुढे काढली. मी खिडकीतून हात हलवत होतो. ते रस्त्यावर हात हलवत होते, माझ्यासाठी की मोटारीसाठी, कोण जाणे.

"काय माणूस हाय!" शेजारचा प्रवासी म्हणाला. "तुमच्या वळखीचा का?"

"आमचे मामा," मी म्हणालो.

मी मागे वळून पाहिलं. मोटार वळणाआड जाईपर्यंत ते धुरात, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात आडवे पसरून उभे होते.